डबा बदलला, कुलूप कोण उघडणार?

आंबेडकरी चळवळीच्या दैनिकात आलिशान मोटारीच्या बिघाडावर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. प्रश्न रास्त आहे. २०१८ साली केंद्र सरकारने देशातील 'आकांक्षित' जिल्ह्यांची यादी केली, त्यात वाशिमचे नाव आले. आकांक्षित म्हणजे सरळ भाषेत मागे ठेवलेला. इथला माणूस सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेला असतो. अशा जिल्ह्यात कोणा धनिकाच्या गाडीचे कौतुक आपण का करावे? कौतुक करायचेच नाही. पण ती गाडी ज्याच्या गॅरेजात आली तो कारागीर आपला आहे, आणि त्याला येत असलेले काम त्याच्या हातातून कसे काढून घेतले गेले, ती हकीकत आपली आहे. म्हणून हा लेख.

वडील सालगडी. मुलाने सरकारी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड केला, अकोल्याला काही वर्षे दुसऱ्याच्या हाताखाली काढली आणि मग मंगरूळपीर तालुक्यात रस्त्याच्या कडेला स्वतःचे टिनाचे शेड उभे केले. शेडमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे आणि त्याच्या खाली एका गाडीच्या वायरिंगचा नकाशा चिकटवलेला आहे. दिवसभर त्याची नजर या दोन्हींवर जाते. पंचक्रोशीत वायरिंगचा फॉल्ट काढायचा तर यानेच, अशी त्याची ख्याती. हे मी त्याच्या गल्ल्यावर बसून चहा प्यालो म्हणून लिहीत नाही. मोठ्या गावातले गॅरेजवालेही अडले की त्यालाच फोन लावतात, हे मी पाहिले आहे.

आता समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. ११ डिसेंबर २०२२ ला त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा. ज्या गाड्या आम्ही पूर्वी फक्त सिनेमात पाहत होतो त्या आता शेलूबाजारजवळ खाली उतरतात, आणि कधीकधी बंदही पडतात. अशीच एक परदेशी कंपनीची मोठी एसयूव्ही गेल्या पावसाळ्यात क्रेनला लटकून याच्या दारात आली. मालक जिल्ह्यातलाच कंत्राटदार, गाडी मुंबईहून सेकंडहँड आणलेली, वॉरंटी कधीच संपलेली. कंपनीचे नाव सांगत नाही. या बाबतीत एकीला झाकावे आणि दुसरीला काढावे अशी गत आहे.

गाडीची लक्षणे मोठी गमतीची होती. पाऊस नसताना वायपर फिरायचे. इंडिकेटर आपल्याच लयीत फडफडायचे. सेंट्रल लॉक रात्री उठून खटखट करायचे. सकाळी बॅटरी उतरलेली, आणि शेवटी एक दिवस गाडीने मालकाची चावीच ओळखली नाही. मालक म्हणाला, गाडीत भूत शिरले. समृद्धीवर पळणाऱ्या गाडीच्या बोनटवर लिंबू-मिरची बांधलेली होती, हेही इथे नोंदवून ठेवतो. आपल्या कारागिराने आधी ती सोडून बाजूला ठेवली आणि मग मल्टीमीटर हातात घेतले.

इथे थोडे थांबून हे यंत्र समजून घेतले पाहिजे. पूर्वी गाडीच्या बटणातून निघालेली वायर सरळ दिव्यापर्यंत जात असे. दिवा लागला नाही तर वायर तपासायची, बल्ब तपासायचा, फ्यूज पाहायचा, संपले. आता बटण दिव्याला पेटवत नाही. बटण एका लहानशा संगणकाला निरोप देते आणि तो संगणक दिवा पेटवतो. त्या संगणकाचे नाव बॉडी कंट्रोल मॉड्यूल, गॅरेजच्या भाषेत बीसीएम, आणि आमच्या भावाच्या भाषेत 'डबा'. दिवे, वायपर, काचा, दारांची कुलुपे, हॉर्न, आणि बहुतेक गाड्यांत चावी ओळखण्याचे कामही त्याच्याकडे. इंजिनाचा संगणक वेगळा, ब्रेकचा वेगळा, एअरबॅगचा वेगळा. हे सगळे एकमेकांत पिळलेल्या दोन तारांवरून आपसांत बोलतात. बॉश कंपनीने १९८६ साली जगापुढे मांडलेली ही पद्धत 'कॅन' या नावाने ओळखली जाते. त्या दोन तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून गाडी बंद करून स्कॅनरच्या सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले तर मीटरवर ६० ओहम यावेत. १२० आले तर एक टोक तुटले आहे, शून्याजवळ आले तर तारा कुठेतरी चिकटल्या आहेत.

आमच्या भावाने हेच केले. पहिल्यांदा बॅटरी पूर्ण चार्ज करून साडेबारा व्होल्टच्या वर आणली, कारण व्होल्टेज पडले की धडधाकट डबेही वेड्यासारखे वागतात. मग अर्थिंग घासून स्वच्छ केली. फ्यूज पाहिले. ६० ओहम आले. स्कॅनर लावला तर कोड आला यू-०१४०, म्हणजे बीसीएमशी संपर्क तुटला. नवशिका मेकॅनिक इथेच 'डबा गेला' म्हणून मोकळा होतो. पण संपर्क तुटला याचा अर्थ डबा मेलाच असे नाही. त्याला वीज मिळत नसेल, त्याचा कपलर ढिला असेल, उंदराने वायर कुरतडली असेल. सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडे उंदीर काय काय कुरतडतात ते विचारू नका. त्याने डॅशबोर्डच्या खालचे पॅनेल उघडले, गालिचा उचलला आणि बोट लावून पाहिले. गालिचा ओला. छताच्या काचेभोवतीचे पाणी वाहून नेणारी नळी पानाच्या कचऱ्याने तुंबली होती आणि प्रत्येक पावसाचे पाणी खांबाच्या आतून झिरपत थेट डब्यावर उतरत होते. कपलरच्या पिनांवर हिरवी बुरशी. भूत सापडले!

त्याने पिना साफ केल्या, दोन वायरी नव्याने जोडल्या, नळी मोकळी केली. डब्यापर्यंत वीज आणि अर्थ व्यवस्थित येत असल्याची खात्री केली. तरी डबा बोलेना. उघडून पाहिला तर आतली पट्टी पाण्याने खाल्लेली. आता मात्र डबा बदलणे भाग होते. पाणी थांबवल्याशिवाय नवा डबा बसवला असता तर पुढच्या पावसाळ्यात तोही गेला असता. बिघाडाचे कारण आधी काढायचे आणि सामान मग बदलायचे, ही शिस्त त्याला कोणत्या शोरूमने शिकवली नव्हती.

गाडीचा चासी नंबर देऊन मालकाने कंपनीच्या वितरकाकडून नवा डबा मागवला. आमच्या भावाने बॅटरीचे टर्मिनल काढून, थोडा वेळ थांबून, जुना डबा सोडवला आणि नवा बसवला. हाताने करण्याचे सगळे काम तिथे संपले. टर्मिनल जोडले, किल्ली फिरवली. गाडी ढिम्म.

"भाऊ, मले तो डबा समजते," तो मला म्हणाला, "पन त्या डब्याले मी समजत नाई."

कारण नवा डबा कोरा असतो. ही गाडी कोणती, तिचा सतरा अक्षरांचा चासी नंबर काय, स्टिअरिंग उजवीकडे की डावीकडे, छताला काच आहे की नाही, दिवे कोणत्या जातीचे (इथेही जात सुटत नाही!), चाव्या किती आणि कोणत्या, हे सगळे त्याला सांगावे लागते. याला कोडिंग म्हणतात. हे सांगणे अवघड नाही. चार्जर लावून व्होल्टेज स्थिर ठेवायचे, कारण मध्येच वीज पडली तर नवा डबा कायमचा मरू शकतो. स्कॅनर जोडायचा आणि पडद्यावर येईल तसे करत जायचे. पण हे सांगण्याचा दरवाजा कंपनीच्या दूरच्या सर्व्हरमध्ये आहे, आणि त्या दरवाजाचे लॉगिन फक्त कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपला मिळते. भंगारातून आणलेला जुना डबाही चालत नाही, कारण त्याच्या पोटात दुसऱ्याच गाडीचा नंबर आणि दुसऱ्याच चाव्या असतात.

शेवटी गाडी पुन्हा क्रेनला लागली आणि दीडदोनशे किलोमीटर नागपूरला गेली. मालकाने याला सोबत बसवले. नागपूरचा रस्ता आपल्या माणसाला दीक्षाभूमीसाठी पाठ असतो. या खेपेला तो क्रेनवाल्याच्या शेजारी बसून गेला, आणि काचेपलीकडच्या वेटिंग रूममध्ये बसून राहिला, कारण आत 'बाहेरच्या मेकॅनिकला' प्रवेश नव्हता. कोडिंगला तासभर लागला. बिलात डब्याचे वेगळे, कोडिंगचे वेगळे, तपासणीचे वेगळे पैसे होते. जी तपासणी याने गालिचा उचलून आधीच केली होती, तिचेही!

आता कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण भाषणे करतो असे म्हणतील. त्यांचे म्हणणे असे की चावी ओळखणाऱ्या डब्याचा दरवाजा सगळ्यांना उघडला तर चोरांचे फावेल. हे खोटे नाही. इलेक्ट्रॉनिक साधनांनी नवी चावी शिकवून गाड्या पळवणाऱ्या टोळ्या जगभर आहेत. पण कुलूप चोरासाठी असते, मग कारागीर बाहेर का? युरोपीय संघाने २००७ च्या नियमाने दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे कंपन्यांवर बंधनकारक केले. चोरीविरोधी भागांसाठीही पुढे रीत काढली: ज्याची पार्श्वभूमी तपासली, ज्याला मान्यतेचे प्रमाणपत्र दिले, त्या स्वतंत्र कारागिराला तो दरवाजा उघडायचा आणि कोणी कधी उघडला याची नोंद ठेवायची. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली आणि पुन्हा २०२० साली मतपेटीतूनच दुरुस्तीच्या हक्काला कौल दिला. म्हणजे मार्ग आहे. तो आपल्याकडे काढायचा नाही, इतकेच.

आणि आपल्याकडे काढला गेलाच नव्हता असेही नाही. ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांना ठाऊक नाही म्हणून जरा विस्ताराने सांगतो. शमशेर कटारिया नावाच्या एका ग्राहकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात येऊ देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. त्या यादीत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीज आहेत, तशाच टाटा, महिंद्रा आणि मारुतीही आहेत. स्वदेशी-परदेशी असा भेद करणाऱ्यांनी ती यादी जरूर वाचावी. दंडापेक्षा मोलाचे होते ते आदेश. सुटे भाग खुल्या बाजारात मिळाले पाहिजेत. तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना सहज उपलब्ध झाली पाहिजेत. त्यांच्या प्रशिक्षणाची सोय केली पाहिजे. शुल्क घेऊन तांत्रिक मदत आणि प्रमाणपत्र देण्याचाही विचार व्हावा. बाहेर दुरुस्ती केली एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही. बौद्धिक संपदेची ढाल कंपन्यांनी पुढे केली होती. ती आयोगाने मानली नाही.

पुढे काय झाले? जे होते ते झाले. प्रकरण अपिलात गेले. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र बराच कमी केला. २०२२ च्या जुलैत केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, संकेतस्थळ उघडले. कायदा मात्र आला नाही. संकेतस्थळावर कंपन्यांनी आपापल्या अधिकृत वर्कशॉपचे पत्ते टाकले म्हणजे शेलूबाजारच्या कारागिराला हक्क मिळाला, असे कोणी समजत असेल तर त्याने एकदा येऊन बघावे.

आपल्यातले काही जुने लोक म्हणतात, पूर्वीच्याच गाड्या बऱ्या होत्या, हातोडी-पान्याने दुरुस्त व्हायच्या. हा विचार आंबेडकरी नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गांधीजींच्या चरख्याच्या अर्थशास्त्राला उत्तर देताना १९४५ साली बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्राने माणसाला पशूच्या कष्टातून सोडवून फुरसत दिली, दोष यंत्राचा नसून ते ज्यांच्या मालकीचे आहे त्या समाजव्यवस्थेचा आहे, ही त्यांची मांडणी. त्याही आधी, २९ ऑक्टोबर १९४२ रोजी, व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी भागणार नाही, हे त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून तांत्रिक प्रशिक्षणाचे खाते त्यांच्याच हाताखाली होते. म्हणून डब्याला शिव्या देऊ नका. डबा चांगला आहे. त्याने वायरिंगचे जंजाळ कमी केले, अपघात झाला तर अनेक गाड्यांत तोच दारांची कुलुपे उघडतो. आपला वाद डब्याशी नाही, लॉगिनशी आहे.

या गोष्टीला मी ज्ञानबंदी म्हणतो तेव्हा शब्द जपून वापरतो. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात तापलेले शिसे ओतण्याची आज्ञा आणि संगणकाचा पासवर्ड नाकारणे या दोन गोष्टी एक नाहीत. कंपनीचा सर्व्हर कोणाची जात विचारत नाही. तो पैसा, फ्रँचायझी आणि शहर विचारतो. पण आपल्या देशात ही तीन कोणाकडे आहेत आणि रस्त्याकडेच्या टिनाच्या शेडमध्ये कोण काम करते, हे जिल्ह्यात एक चक्कर मारून पाहा. बौद्ध, मुस्लिम, छोट्या ओबीसी जातींची पोरे. काम हाताचे असेपर्यंत ते त्यांचे. काम डोक्याचे झाले की काचेपलीकडे. १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी श्रमांच्या विभागणीचा मुद्दा श्रमिकांच्या विभागणीवर आणून ठेवला होता. ती रेघ आता वर्कशॉपच्या मधोमध ओढली जाते आहे.

आणि ही फक्त श्रीमंतांच्या गाडीपुरती बाब राहिलेली नाही. आज साध्या छोट्या कारमध्येही बीसीएम आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम आले तेव्हा मोटारसायकलच्या कार्बोरेटरची जागा संगणकाने घेतली. मोठ्या ट्रॅक्टरांतही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण शिरले आहे. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर अडला आणि त्याचे कुलूप नागपूरला असले, तर कंत्राटदारासारखी क्रेन कोणता शेतकरी लावणार?

मग पोरे काय करतात? चोरून शिकतात. मोठ्या शहरांत अशी मुले आहेत की जी मेलेल्या डब्यातील मेमरीची चिप गरम हवेने उचलतात, तिच्यातला मजकूर वाचतात आणि दुसऱ्या डब्यात उतरवतात. गाडी सुरू होते. विद्या अस्सल आहे, पण ती कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरवर, रात्री शटर ओढून चालते. बिल नाही, हमी नाही, चूक झाली तर डबा गेला आणि अब्रूही. चोरही हीच विद्या वापरतो, म्हणून पोलीस आले की शेडवाल्याकडे आधी येतात. दरवाजा बंद ठेवून तुम्ही चोराला अडवले नाही, कारागिराला चोराच्या पंगतीला बसवले.

आता आपल्या घरात डोकावू. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. कर्जातून स्कॅनर घेता येईल, लॉगिन घेता येत नाही. आयटीआयमध्ये पोरगा दोन वर्षे बसतो, पण गाडीच्या संगणकांची जोडणी टेबलावर मांडून त्याला ती बिघडवू आणि दुरुस्त करू दिले जाते का? जिल्ह्यातील किती पुढाऱ्यांनी हा प्रश्न पालकमंत्र्यांना विचारला? त्यांच्या स्वतःच्या गाड्यांत हाच डबा आहे! आणि आपण? जयंतीला डीजेच्या भिंतीवर एका रात्रीत जेवढा पैसा जातो, तेवढ्यात चार गॅरेजवाल्यांनी मिळून वापरायचे चांगले स्कॅनर आणि व्होल्टेज स्थिर ठेवणारे चार्जर येते. चौदा एप्रिलच्या वर्गणीतला चौथा हिस्सा यासाठी काढला तर मिरवणूक छोटी होणार नाही.

आमच्या भावाने तो जुना, पाण्याने खाल्लेला डबा मालकाकडून मागून घेतला. तो आता शेडमधल्या टेबलावर उघडा पडलेला असतो. रात्री काम आटोपले की तो भिंग लावून एकेक चिप तपासतो आणि वहीत नंबर लिहून ठेवतो. परवा त्याने विचारले, "भाऊ, तो दोन हजार चौदाचा आदेश मराठीत भेटते काय? नागपूरवाल्याले दाखवाचा हाय." माझ्याजवळ आदेश इंग्रजीत आहे, लांबलचक आहे. पण कंपन्यांना दिलेले निर्देश शेवटच्या काही पानांत आहेत. वाशिम-अकोल्याच्या एखाद्या वकील बांधवाने तेवढी पाने मराठीत करून दिली, तर छापील प्रती काढून जिल्ह्यातील प्रत्येक गॅरेजात पोहोचवण्याचे काम मी अंगावर घेतो.